बुडवून खायची चीज

परवा मोहोळच्या शेतावरून पुतण्यानं हुरड्याची कणसं पाठवली. सुनेनं गच्चीवर शेगडी पेटवून ती भाजली, तळहातावर चोळून दाणे काढले आणि माझ्या ताटलीत घातले. हिरवे, गरम, कोवळे दाणे. कडेला शेंगांची चटणी. मी पहिला घास घेणार, एवढ्यात नात आली आणि तिनं किसणीवर एक पिवळी वडी धरून माझ्या हुरड्यावर भराभर कीस पाडला. "आजी, खाऊन तर बघ. चीज आहे." कीस दाण्यांवर पडला, जागच्या जागी मऊ झाला आणि तिनं चमचा उचलला तशी त्याची लांब तार निघाली. मी ताटली खाली ठेवली.

नातीला वाटलं, आजी जुन्या वळणाची आहे. तसं असेलही. पण जुन्या वळणाच्या बायका नव्या पदार्थाला नाक मुरडतात. मी जुन्याच पदार्थाला मुरडत होते. हा वास मला नवा नव्हता. पन्नासएक वर्षांपूर्वी तो आमच्या परसात येऊन राहिला होता, आणि आला होता तोही हुरड्याच्या दिवसांतच. लोकांना हुरडा म्हटलं की रान आठवतं, आगटी आठवते, थंडी आठवते. मला आंबूस, खारट, ओल्या चपलेत दिवसभर राहिलेल्या पायासारखा एक वास आठवतो. त्यावर्षी आम्ही ज्या शेगडीवर हुरडा भाजला, तिच्यावर आधी चीज शिजलं होतं. शेगडी दोनदा सारवली, पण हुरड्याला तो वास लागला तो लागलाच.

आमचं घर तेव्हा शुक्रवार पेठेत होतं. पुढं दोन खोल्या, मध्ये स्वयंपाकघर, मागं परस. परसात एक म्हैस, एक कडुनिंब आणि पाणी तापवायची चूल. गिरणीचा भोंगा झाला की आमचा दिवस सुरू व्हायचा, कारण वडील, म्हणजे आप्पा, एका गिरणीत हेडक्लार्क होते. सोयऱ्याधायऱ्यांत कानडी, घरी-गल्लीत मराठी आणि गिरणीत इंग्रजी अशा तीन भाषा ते दिवसभर अंगरख्यासारख्या बदलत. त्यांतल्या इंग्रजीवर त्यांचा जीव होता. आई, जिला आम्ही अव्वा म्हणायचो, तिला इंग्रजीतला म्हणून एकच शब्द माहीत होता, 'सायब', आणि त्या शब्दाबद्दलही तिचं मत फारसं बरं नव्हतं.

त्या थंडीत घरात आणखी एक माणूस होतं, आणि त्या माणसाचं काय करायचं हा आप्पांना पडलेला प्रश्न होता. माझी मोठी बहीण गिरिजा. मी तिला अक्का म्हणे. तिला अक्कलकोटच्या बाजूला दिली होती. मूल झालं नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी केली आणि अक्काला माहेरी आणून सोडलं. परत आल्यावर तिनं हट्टानं पुस्तकं काढली, राहिलेली मराठी परीक्षा दिली आणि ती पास झाली. मुलींच्या शाळेत एका शिक्षिकेची जागा होती. ती जागा मिळाली तर अक्का इथं, आपल्या पायावर. नाही मिळाली तर संक्रांतीला तिचा दीर न्यायला येणार होता. तसा निरोपच होता त्यांचा: थोरली म्हणून मानानं राहा, धाकटीला दिवस गेलेत, तिचं बाळंतपण करायला घरचं माणूस पाहिजे.

सवतीचं बाळंतपण. हा निरोप ऐकून अव्वा चुलीपुढून उठली नाही, पण तिनं जाळ उगीचच वाढवला. आप्पा मात्र म्हणाले, "बोलावत्यात तरी. इतर ठिकाणी तेवढंबी न्हाय करत." टाकलेली मुलगी घरात म्हणजे गल्लीतल्या प्रत्येकाला विचारायला एक विषय. आप्पा त्या विषयाला थकले होते. शाळेत जागा मिळाली तर ठीक, नाहीतर संक्रांतीला पाठवायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं, आणि ते आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं.

आता शाळेच्या कमिटीवर होती गिरणीच्या मॅनेजरची मडम. ती नुकतीच विलायतेहून आली होती. मुन्शी ठेवून हिंदुस्थानी शिकत होती आणि शिकलेलं सगळं आपल्या लोकांवर चालवून बघत होती. समोरचा इंग्रजीत बोलला तरी ती हिंदुस्थानीच बोले. आप्पांच्या इंग्रजीची त्यामुळं तिच्यापुढं फार उपासमार व्हायची. तिला म्हणे उमेदवार बाई तिच्या घरातच बघायची होती. घर कसं आहे, बाई कशी वागते, ते. आप्पांनी तिला चहाला बोलावलं आणि अंगात आल्यासारखे घरी आले.

"मी विचारलं, मॅडम, काय करू आपल्यासाठी? तर म्हणाली, मीठा नहीं. कोई गरम नमकीन चीज. डुबो के खाने का." आप्पांनी टोपी खुंटीला लावली आणि आमच्याकडं वळले. "बाकीच्यास्नी निस्ती हिंदुस्थानी. माझ्यासंगं बोलताना मात्र मधी इंग्लिश शब्द टाकला की न्हाय? चीज. माणूस ओळखून बोलती बाई."

"चीज म्हंजे काय?" अव्वानं विचारलं.

"दुधाचं असतंय. विलायती. साहेब लोक लई आवडीनं खात्यात."

"मग बासुंदी करू की. तीबी दुधाचीच."

"मीठा नहीं म्हणाली. ऐकलंस का न्हाय तू? खारं पायजे, गरम पायजे, आन् बुडवून खायचं पायजे. तसा प्रकार असतोय त्यांच्यात. पार्टीत करत्यात."

अक्का तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "आप्पा, पुन्ना एकदा इचारून घेतलं तर?"

"मडमेला? पुन्ना इचारू? म्हंजे मला इंग्लिश कळलं न्हाय असं सांगू?"

अडला हरी गाढवाचे पाय धरी, म्हणतात. आप्पांनी त्या गाढवासाठी होटगी गाठलं. तिथल्या स्टेशनावर साहेब लोकांच्या जेवणाची सोय होती आणि तिथल्या आचाऱ्याशी त्यांची ओळख होती. त्याच्याकडून त्यांनी एक डबा आणला आणि हा पदार्थ कसा करायचा तेही तोंडपाठ करून आणलं. डबा परसात फोडला. आत लाल मेण थापलेला एक गोळा होता. मेण सोललं आणि वास सुटला. म्हशीनं मान वर केली. अव्वानं पदर नाकाला लावला आणि ती दोन पावलं मागं सरकली.

"नासलंय हे," ती म्हणाली.

"नासलं न्हाय. मुरलंय."

"मुरतंय ते लोणचं. दूध मुरत न्हाय, दूध नासतंय." मग तिनं खरा प्रश्न विचारला. "विरजण कसलं घालत्यात ह्याला?"

आप्पा क्षणभर थांबले आणि म्हणाले, "विलायती."

या एका शब्दाची मला आजही शिसारी येते. पुष्कळ वर्षांनी शाळेतल्या एका बाईंनी अक्काला सांगितलं, की तसलं चीज जमवायला वासराच्या पोटातलं विरजण लागतं. आप्पांना ते होटगीच्या आचाऱ्यानं तेव्हाच सांगितलेलं असणार, एरवी ते असे थांबले नसते. माझी अव्वा गळ्यातल्या लिंगाला हात लावल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नसे. तिला ते शेवटपर्यंत कळू दिलं नाही आम्ही. कळलं असतं तर तिनं परस सोडा, ते घरसुद्धा सोडलं असतं.

ते स्वयंपाकघरात येणार नाही, एवढं मात्र तिनं बजावलं. शेगडी परसात मांडली. भांडं म्हणून एक पोचे आलेलं कल्हईचं पातेलं मिळालं, पुन्हा आत न आणण्याच्या बोलीवर. खोबऱ्याची किसणीही अशीच कामी आली. किसायचं काम माझ्याकडं. त्या गोळ्याला हात लावला की बोटं तेलकट व्हायची आणि वास नखांत जाऊन बसायचा. शिकेकाई लावली, राख लावली, लिंबू चोळलं. सकाळी उठून वेणी घालायला हात वर नेले की तो वास केसांतून परत यायचा. मी पंधरा वर्षांची होते, आणि त्या वयात माणसाला स्वतःच्या हाताची किळस येणं फार वाईट.

करायचं असं: लोण्यावर मैदा जरासा परतायचा, त्यात दूध थोडं थोडं घालत हलवायचं, दाट झालं की चीजचा कीस, मग फेसलेली मोहरी, मिरपूड. आणि उकळी येऊ द्यायची नाही. हे शेवटचं आप्पा सांगायचे विसरले. तालीम म्हणून अक्कानं आधी थोडंसं करून बघितलं, तर रटरट उकळी आली आणि पातेल्यात एकीकडं पिवळं तेल, एकीकडं रबराचा गोळा. पळी उचलली तर शेंबडासारखे तंतू थेट पातेल्यापासून पळीपर्यंत. अव्वा लांबूनच बघत होती. म्हणाली, "दोन तारी पाक झाला की उतरवा."

अक्का हसली. सासरहून आल्यापासून मी तिला हसताना पहिल्यांदा बघत होते, त्यामुळं ते माझ्या लक्षात राहिलं. ते पातेलं आम्ही म्हशीपुढं ठेवलं. म्हैस पेंड खाते, सरकी खाते, शिळी भाकरी खाते, कधी दोरीसुद्धा चघळते. तिनं पातेल्यात नाक घातलं, जोरात फुरफुरली आणि पाठ फिरवून उभी राहिली. त्या घरात मनासारखं वागायची मुभा तिला एकटीलाच होती.

दुसऱ्या खेपेला ते जमलं. गुळगुळीत, पिवळं, दाट. आप्पा खूश झाले. मग त्यांनी पावाचा तुकडा त्यात बुडवला आणि अक्कापुढं धरला.

"खा. मडम इचारंल, आवडतं का. आवडतं म्हणायचं. तवा आधी खाऊन बघ."

अक्कानं तोंडात घातला. चावला नाही, तसाच धरून उभी राहिली. डोळ्यांत पाणी आलं. आप्पा बघत होते, म्हणून तिनं तो गिळला.

"बघ," आप्पा म्हणाले. "जातंय की. सवयीनं जातंय सगळं. तिकडंबी सवयीनं गेलंच असतं."

अक्कानं चूळ भरली, आणखी एकदा भरली, आणि पातेलं खाली उतरवलं. चीजची किळस मला सकाळपासून येतच होती. आप्पांची आली ती त्या क्षणी. आपल्या माणसाची किळस येते तेव्हा ती पोटातून वर येत नाही, ती आतच बसून राहते. पुढं पुष्कळ दिवस त्यांच्या ताटात वाढताना मी त्यांच्या तोंडाकडं बघत नसे.

कधी कधी वाटतं, आपल्या भाषेनं बायकांच्या गिळण्याची केवढी सोय करून ठेवली आहे. आवंढा गिळायचा, राग गिळायचा, अपमान गिळायचा, ओठांवर आलेला शब्द गिळायचा. एवढं सगळं गिळल्यावर भूक कुठून राहणार? आणि किळस आली तर म्हणायचं, फार नखरे आहेत हिचे. पुरुषाला किळस आली तर त्याला स्वच्छतेची आवड असते. बाईला आली की तिला सवय नसते. मला किळस या भावनेबद्दल फार आदर आहे. जे बाहेरचं आहे ते बाहेरच राहू दे, असं अंगच सांगत असतं, आणि सहसा अंग खोटं बोलत नाही.

मडम आली त्या दिवशी गल्लीत मोटार शिरेना, म्हणून ती कोपऱ्यापासून चालत आली. मला वाटलं होतं, कुणी धिप्पाड बाई असेल. ही तर पोरसवदा, चेहऱ्यावर तीळच तीळ, ओठ पांढरेफटक. उंबऱ्याशी ती थबकली. वासानं तिला तिथंच गाठलं असणार. आप्पा हात जोडून पुढं झाले, मागून आणलेली खुर्ची पुसली. अक्कानं ते पिवळं बाऊलमध्ये घालून, बाऊल गरम पाण्याच्या परातीत ठेवून, परात बाहेर आणली. सोबत कॅम्पातल्या बेकरीतला पाव. अव्वा आत, दाराआड. मी खिडकीपाशी, आणि दोन्ही हात पाठीमागं.

"ओ," मडम म्हणाली. "चीज़."

"यस मॅडम. वॉर्म. ॲज यू डिझायर्ड."

तिनं आप्पांकडं बघितलं. काहीतरी विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग पावाचा तुकडा बुडवला आणि खाल्ला. आप्पांनीही एक बुडवला, कारण पाहुण्याला एकटं खाऊ देणं बरं नव्हे. त्यांच्या गळ्याची घाटी वर गेली आणि बराच वेळ खाली आली नाही. मग मडमेनं दुसरा तुकडा खाल्ला. आप्पांनी दुसरा खाल्ला. दोघंही एकमेकांकडं बघून हसत होते. मी जन्मात बरेच ओंगळ प्रकार बघितले, पण किळस दाबून एकमेकांना हसून दाखवणारी ती दोन माणसं मला विसरता येत नाहीत.

मडमेनं अक्काला पुस्तकातला एक उतारा वाचायला लावला. अक्कानं तो खणखणीत वाचला. अडखळली नाही. मडमेनं मान डोलावली आणि बाऊलकडं बोट केलं.

"तुम लोग ये रोज खाता है?"

"एव्हरी डे, मॅडम," आप्पा म्हणाले.

मडम अक्काकडं वळली. "तुमको पसंद?"

अक्कानं बाऊलकडं बघितलं, आप्पांकडं बघितलं. आप्पांची मान हलके हलके खाली-वर होत होती. हो म्हण, हो म्हण. मला खिडकीतून ओरडावंसं वाटलं, म्हण की गं, एक शब्द तर आहे. त्या शब्दावर शाळा होती. नाहीतर संक्रांत होती आणि सवतीचं बाळंतपण होतं.

"न्हाय," अक्का म्हणाली. "मला ह्याची किळस येती."

मडमेला कळलं नाही. मुन्शीनं तिला हा शब्द शिकवला नसावा. "किलस?" तिनं आप्पांना विचारलं. "किलस क्या होता है?"

आप्पांच्या कपाळावर घाम आला होता. ते हसले. "शी लाइक्स इट, मॅडम. व्हेरी मच."

अक्काला इंग्रजी येत नव्हतं. पण आप्पा 'व्हेरी मच' म्हणतात तेव्हा ते खोटं बोलत असतात, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. तिनं पुस्तक खाली ठेवलं. नाकाला पदर लावला, डोळे बारीक केले, ओठ वाकडे केले आणि म्हणाली, "शी!" शी या शब्दाला दुभाष्या लागत नाही.

मडम तिच्याकडं बघतच राहिली. मग तिच्या तोंडाचा रंग उडाला, ती उठली, हातानं तोंड दाबलं आणि माजघरातून, स्वयंपाकघरातून, मागचा उजेड दिसत होता त्या दिशेनं, थेट परसात गेली. कडुनिंबाखाली ती भडभडून ओकली. मागोमाग अव्वा धावली आणि तिनं ओकणाऱ्या पोरीचं कपाळ धरतात तसं तिचं कपाळ धरलं. धरल्या धरल्या तिला कळलं. तिनं आपल्या पोटावर हात फिरवून खुणेनं विचारलं. मडमेनं होय अशी मान हलवली, आणि ती रडायला लागली.

"अय्यो, दिवस गेलेत हिला," अव्वा आम्हाला म्हणाली. "म्हणून गोड नगं म्हणत हुती. आन् तुमी तिला हे चारलं."

अव्वानं तिला चूळ भरायला पाणी दिलं, चघळायला लवंग दिली आणि स्वयंपाकघराच्या पायरीवर बसवलं. आत चुलीवर आमच्या रात्रीच्या जेवणाची शेंगांची आमटी होती. मडमेनं नाकानं तो वास घेतला, एकदा, दोनदा, आणि हात केला. "ये क्या? ये दो." अव्वानं वाटीत आमटी दिली, कडक भाकरीचा तुकडा दिला. मडमेनं तो बुडवून खाल्ला. तिखट लागलं, नाक वाहायला लागलं, तरी आणखी बुडवून खाल्ला.

"हम ये बोला था," नाक पुसत ती म्हणाली. "चीज़. गरम चीज़. कोई भी चीज़!"

आप्पा दाराच्या चौकटीत उभे होते. अव्वानं विचारलं, "काय म्हणती?" आप्पांनी तोंडात घातलेला घास अजून खाली गेला नव्हता असं दिसत होतं.

अक्कानंच सांगितलं. "चीज म्हंजे वस्तू, अव्वा. हिंदुस्थानीत. काहीतरी गरम खारं करा म्हणाली हुती ती."

अव्वानं वाटीकडं बघितलं, शेगडीकडं बघितलं. "म्हंजे आमटी चालली असती व्हय?" ती म्हणाली आणि आत गेली.

साहेबाच्या हिंदुस्थानीत सगळंच पुल्लिंगी, नाहीतर कदाचित वेळेवर कळलं असतं. मराठीत खायचं चीज निराळं आणि खायची चीज निराळी. तिसरंही एक चीज आहे आपल्याकडं, कष्टाचं होतं ते. अक्का शाळेतून निवृत्त झाली तेव्हा समारंभात एक गृहस्थ मोठ्या आवाजात म्हणाले, गिरिजाबाईंच्या कष्टाचं चीज झालं. व्यासपीठावर खुर्चीत बसलेल्या अक्कानं गळ्यातल्या हारासकट पदर नाकाशी नेला आणि समोर बसलेल्या माझ्याकडं बघितलं. मला हसू आवरेना. लोकांना वाटलं, बहिणी गहिवरल्या.

म्हणजे जागा तिला मिळाली. का मिळाली, यावर घरात वर्षानुवर्षं वाद चालला. आप्पा म्हणत, वाचन चांगलं झालं म्हणून. अव्वा म्हणे, आमटीमुळं. मी त्या 'शी'च्या बाजूची. मडमेला विचारता आलं नाही, कारण उन्हाळा लागायच्या आत ती बाळंतपणाला विलायतेला गेली आणि परत आली नाही. तिचं मूल आता माझ्या मुलाएवढं असेल. कुठंतरी तेही चीज खात असेल, आवडीनं.

पण हे सगळं नंतरचं. मडम गेली ती काही न सांगता गेली. त्यानंतर रोज आम्ही गिरणीकडून निरोपाची वाट बघत होतो आणि तो येत नव्हता. आप्पा घरात इंग्रजी बोलायचे बंद झाले. परसातून वास जाईना. शेवटी मोहोळहून आलेली कणसं त्याच शेगडीवर भाजली, तोच तो हुरडा. सगळ्यांनी तो खाल्ला, आणि खाता खाता अक्कानं एकदम घास थुंकून टाकला. आप्पांनी तिच्याकडं बघितलं. 'सवयीनं जातंय' म्हणाले नाहीत.

आणि भोगीच्या दिवशी दीर आला. सोबत नवं लुगडं, तिळगुळाचा डबा. अंगणात घोंगडीवर बसला, पाणी प्याला, अक्काला बोलावून घेतलं. नोकरीचा निरोप आलेला नव्हता. आप्पांनी ठरवल्याप्रमाणं तिनं आता बोचकं बांधायचं होतं.

"वैनी, झालंगेलं इसरा," दीर म्हणाला. "धाकटीचे दिवस भरत आल्यात. घरात थोरलं माणूस नगं का? तुमाला काय कमी पडू द्यायचो न्हाय आमी. सण हाय, गोड बोला आन् चला."

अक्का दारात उभी होती. तिनं लुगड्याला हात लावला नाही.

"न्हाय," ती म्हणाली. "मला ह्याची किळस येती."

तेच शब्द, त्याच आवाजात. दीर हसला, माणसं ऐकलेलं खोटं ठरवायला हसतात तसा. मग मान वळवून त्यानं आप्पांकडं बघितलं. मडमेनं बघितलं होतं तसंच. "काय म्हणती ही?"

मी आप्पांच्या तोंडाकडं बघितलं, कितीतरी दिवसांनी. ते पुन्हा हसतील, असं मला वाटलं. पुन्हा काहीतरी तिसरंच सांगतील. आप्पांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला आणि परत घातला. तिळगुळाचा डबा उचलून त्यांनी तो लुगड्यावर ठेवला आणि दोन्ही मिळून दिराकडं सरकवलं.

"किळस येती म्हणाली," आप्पा म्हणाले. "मराठी समजलं नसंल तर कानडीत सांगतो."

आणि त्यानं काही म्हणायच्या आत त्यांनी ते कानडीतही सांगितलं.